विमानं रिकामी झाली, पण गाडी कोणी भरली?

(वेगवान रेल्वे आणि प्रवासाची मागणी या विषयावरच्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बाज तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाल्यावर मला दोन प्रकारचे फोन आले. एक गृहस्थ म्हणाले, 'बुलेट ट्रेनच्या बाजूनं बोलणार ना?' दुसरे म्हणाले, 'चांगली झोडा तिला.' दोघांनाही मी एकच सांगितलं. मी गाडीवर टीका करायला येत नाहीये. टीका करायची आहे ती एका आलेखावर.

हा आलेख तुम्ही पाहिलेला आहे. वर्तमानपत्रात, कुणाच्या तरी सादरीकरणात, नाहीतर व्हॉट्सअॅपवर. डावीकडे 'गाडी येण्यापूर्वी', उजवीकडे 'गाडी आल्यावर'. डावीकडे विमानाचा उंच खांब आणि रेल्वेचा बुटका, उजवीकडे नेमकं उलटं. खाली मार्गाचं नाव, बहुतेक वेळा माद्रिद–बार्सिलोना. आणि मग निष्कर्ष: वेगवान रेल्वे आली की लोक विमान सोडतात, म्हणून आपणही बांधू या.

आलेख खोटा नाही, हे आधीच सांगतो. माद्रिद–बार्सिलोना हा एकेकाळी जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानमार्गांपैकी एक होता. १९७४ पासून तिथं 'पुएंते आएरेओ' नावाची सेवा होती. नावाचा अर्थ 'हवाई पूल'. आपण जसे दादर–पुणे शिवनेरीला जाऊन उभे राहतो, तसं विमानतळावर जायचं आणि पुढच्या विमानात बसायचं. फेब्रुवारी २००८ मध्ये या दोन शहरांमधला ६२१ किलोमीटरचा वेगवान मार्ग पूर्ण झाला आणि गाडी अडीच-पावणेतीन तासांत पोचायला लागली. त्याआधी विमान आणि रेल्वे मिळून जेवढे प्रवासी होते, त्यातले दहापैकी साडेआठ-नऊ विमानात असायचे. तीन-चार वर्षांत निम्मे-निम्मे झाले. आज दहापैकी आठच्या आसपास गाडीत असतात. म्हणजे खांब खरोखरच उलटे झाले.

मग माझी तक्रार काय आहे? तक्रार अशी की हा आलेख वाटा दाखवतो, माणसं दाखवत नाही. आणि वाटासुद्धा 'विमान अधिक रेल्वे' एवढ्याच बेरजेतला. रस्त्यानं जाणारा माणूस त्या बेरजेत नाही, जो पूर्वी कुठंच जात नव्हता तोही नाही. आता जरा फळ्याकडे या.

दोन जुनी, चांगली मोजलेली उदाहरणं घेऊ. युरोपीय आयोगाच्या १९९० च्या दशकातल्या एका अभ्यासातले हे आकडे आहेत, या क्षेत्रातल्या लेखांत वारंवार येतात. पहिलं उदाहरण पॅरिस–ल्यों. फ्रान्सची टीजीव्ही १९८१ मध्ये सुरू झाली आणि १९८३ मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला. १९८१ मध्ये विमानाचा वाटा ३१ टक्के, रेल्वेचा ४०, मोटार आणि बस मिळून २९. १९८४ मध्ये विमान ७, रेल्वे ७२, रस्ता २१. विमान कोसळलं, रस्ताही आठ टक्क्यांनी घटला. कुणीही म्हणेल, वा! पण त्याच तक्त्याच्या तळाशी आणखी एक आकडा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. या तीन वर्षांत एकूण प्रवास ३७ टक्क्यांनी वाढला.

हे आता माणसांत मोजू. १९८१ मध्ये १०० माणसं प्रवास करत होती असं धरा. ३१ विमानात, ४० गाडीत, २९ रस्त्यावर. १९८४ मध्ये माणसं झाली १३७. त्यांचे ७ टक्के म्हणजे साडेनऊच्या आसपास विमानात. ७२ टक्के म्हणजे जवळजवळ ९९ गाडीत. आणि २१ टक्के म्हणजे किती? २९. आधीही २९ होते, नंतरही २९. रस्त्यावरचा एकही माणूस कमी झाला नाही! टक्के आठनं घसरले आणि मोटारी जिथं होत्या तिथंच राहिल्या. (हशा)

आता गाडीत बसलेल्या त्या ९९ जणांना विचारा, बाबांनो, कुठून आलात? चाळीस जण म्हणतील, आम्ही आधीही गाडीनंच जात होतो. एकवीस-बावीस म्हणतील, आम्ही विमान सोडलं. उरलेले सदतीस? ते पूर्वी जातच नव्हते, किंवा वर्षातून एकदा जाणारे आता चारदा जायला लागले. म्हणजे भरलेल्या गाडीत विमानातून उतरून आलेले दहापैकी जेमतेम दोन. जुने रेल्वेवाले चार, आणि नव्यानं निर्माण झालेला प्रवास जवळजवळ चार.

हा हिशेब ढोबळ आहे, मान्य. मोटार सोडून गाडीत आलेला आणि त्याच्या जागी नव्यानं मोटार काढलेला, अशी अदलाबदल यात दिसत नाही. शिवाय त्या ३७ टक्क्यांतली काही वाढ गाडी आली नसती तरी झालीच असती. तीही रस्त्यावर गेली असती, म्हणजे गाडीनं रस्त्यावरची वाढ थोपवली, असं कुणी म्हणालं तर ते रास्त आहे. पण वाढ थोपवणं वेगळं आणि मोटारी कमी करणं वेगळं. सादरीकरणात सांगतात ते दुसरं.

दुसरं उदाहरण माद्रिद–सेव्हिया. एप्रिल १९९२, सेव्हियाचं जागतिक प्रदर्शन भरलं त्याच महिन्यात ही गाडी सुरू झाली. १९९१ मध्ये विमान ४०, रेल्वे १६, रस्ता ४४. १९९४ मध्ये विमान १३, रेल्वे ५१, रस्ता ३६. एकूण वाढ ३५ टक्के. पुन्हा माणसांत मोजा. विमानातले चाळीसाचे साडेसतरा झाले, गाडीतले सोळाचे एकोणसत्तर. आणि रस्त्यावरचे ४४ चे साडेअठ्ठेचाळीस झाले, म्हणजे वाढले. वाटा आठ टक्के घटूनसुद्धा!

या गाडीविषयी स्पेनचेच अर्थतज्ज्ञ हिनेस दे रुस आणि त्यांचे सहकारी इंग्लादा यांनी १९९७ मध्ये फायद्या-तोट्याचा सविस्तर हिशेब मांडला आणि सांगितलं की त्या वेळी, त्या मार्गावर ती बांधणं समाजाच्या दृष्टीनं परवडणारं नव्हतं. का? गाडी रिकामी होती म्हणून नव्हे. वाट्याचा आलेख तर झकास होता. पण मुळात त्या मार्गावर माणसंच इतकी नव्हती, की एवढा स्थिर खर्च त्यांच्या वाचलेल्या वेळातून भरून यावा. आपण ज्याला यश म्हणतो आणि हिशेब ज्याला यश म्हणतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१८ मध्ये युरोपच्या लेखापरीक्षकांनी, म्हणजे आपल्याकडचे कॅग समजा, चौदा वेगवान मार्ग आणि टप्पे तपासले, तेव्हा त्यातल्या नऊ ठिकाणी पुरेसे प्रवासी नव्हते.

वाट्यात जिंकणं आणि संख्येत हरणं एकाच वेळी कसं होतं, ते पाहायचं असेल तर युरोस्टार पाहा. नोव्हेंबर १९९४ मध्ये इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालून गाडी सुरू झाली. पहिल्या पूर्ण वर्षात दीड कोटीहून जास्त प्रवासी येतील असा अंदाज होता. १९९५ मध्ये आले तीस लाखांच्या आत. आणि तरीही लंडन–पॅरिसमध्ये युरोस्टारनं विमानांना मागं टाकलं, आजही बहुसंख्य लोक तिथं गाडीनंच जातात. मग अंदाज का फसला? एक कारण असं की अंदाज करणाऱ्यांनी समोरचा माणूस स्थिर उभा आहे असं धरलं. त्याच काळात युरोपात स्वस्त विमान कंपन्या फोफावल्या. ईझीजेट १९९५ चीच. लंडनचा माणूस शनिवार-रविवारसाठी पॅरिसऐवजी स्पेनच्या किनाऱ्यावर जायला लागला. पॅरिसच्या मार्गावर गाडी विमानाशी लढून जिंकली, पण गिऱ्हाईक बाजारच बदलून दुसरीकडे गेलं.

असे अंदाज एकट्या युरोस्टारचेच चुकले असं नाही. बेंट फ्लिव्हबियर्ग या डॅनिश अभ्यासकानं सहकाऱ्यांबरोबर २००५ मध्ये रस्ते आणि रेल्वेच्या दोनशेहून अधिक प्रकल्पांचे अंदाज तपासले. रेल्वेच्या दहापैकी नऊ प्रकल्पांत प्रवासी जास्त धरलेले होते आणि प्रत्यक्ष आलेले सरासरीनं निम्म्याच्या आसपास. रस्त्यांचे अंदाजही चुकतात, पण दोन्ही बाजूंना चुकतात. रेल्वेचे एकाच बाजूला चुकतात. चूक नेहमी एकाच बाजूला होत असेल तर तिला चूक म्हणायचं का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

आता वेळेबद्दल. तीन तासांच्या आत गाडी पोचत असेल तर विमान हरतं, चार तासांच्या पुढं गेलं तर गाडी हरते, हा ठोकताळा तुम्ही ऐकला असेल. जपानमध्ये याला 'चार तासांची भिंत' म्हणतात. ढोबळ मानानं ती खरी आहे. तोकियो–ओसाका ५१५ किलोमीटर, गाडी अडीच तासांच्या आत, विमान-रेल्वे बेरजेत रेल्वेचा वाटा ८५ टक्क्यांच्या आसपास. तीच शिंकान्सेन पुढं फुकुओकाला जाते, पाच तास लागतात, तिथं गाडीनं जाणारा दहात जेमतेम एक. चीनमध्ये झेंगझौ–शिआन मार्ग २०१० मध्ये सुरू झाला आणि दोन महिन्यांच्या आत विमानं बंद पडली. पण बीजिंग–शांघाय, १,३१८ किलोमीटर, साडेचार तास, इतकी उत्तम गाडी असूनही तो विमानमार्ग आजही चीनमधल्या सर्वांत व्यग्र मार्गांत आहे. यात विशेष वाद नाही.

वाद आहे तो यावर, की वेळ म्हणजेच सगळं का? आणि इथं माद्रिद–बार्सिलोना मार्ग खरं शिकवतो, फक्त आलेख तो धडा लपवतो. २००८ ते २०१२ या काळात रूळ तेच, वेळ तीच, आणि विमानं बऱ्यापैकी टिकून होती. २०१३ च्या सुरुवातीला स्पेनच्या सरकारी रेल्वेनं, रेन्फेनं, भाडी कमी केली, लवचीक सवलती आणल्या, आणि गाड्या भरायला लागल्या. मग २०२१ मध्ये फ्रान्सच्या रेल्वेची उईगो आली, २०२२ च्या शेवटी इर्यो आली. गंमत म्हणजे या इर्योच्या भागीदारांत विमान कंपनीवाले आहेत! रेन्फेनंही स्वतःची स्वस्त गाडी काढली. तीन कंपन्या, त्याच रुळांवर. भाडी कोसळली आणि प्रवासी धो-धो वाढले. गाडी एक मिनिटानंसुद्धा वेगवान झाली नव्हती. आठऐंशीचा तो खांब उंच केला तो वेगानं कमी, भाड्यानं आणि फेऱ्यांनी जास्त. आपल्याकडे मात्र चर्चा ताशी ३२० की २८०, यावरच अडते.

आता विमानाच्या बाजूनं बघू. समजा काही लोकांनी विमान सोडलं. मग आकाशातली विमानं कमी झाली का?

पुण्यातल्या मंडळींना हे पटकन कळेल. पुण्याहून मुंबईला विमानानं जाणारा माणूस शोधून काढा. सापडला तर विचारा, तो बहुधा मुंबईहून पुढं दुबई नाहीतर लंडनचं विमान पकडणारा असेल. जगभर हेच आहे. माद्रिद–बार्सिलोना विमानात आज जे उरलेत, त्यातला मोठा भाग माद्रिदला विमान बदलून पुढं जाणाऱ्यांचा. फ्रान्सनं २०२३ मध्ये अडीच तासांत गाडीनं जाता येईल तिथली विमानं बंद केली म्हणून जगभर कौतुक झालं. बंद किती झाली? पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरचे तीन मार्ग: बोर्दो, नांत आणि ल्यों. एअर फ्रान्सनं ते कोविडच्या मदतीच्या अटीपोटी आधीच सोडले होते. आणि विमान बदलणाऱ्यांसाठी शार्ल द गोल विमानतळावरची उड्डाणं सुरूच राहिली. बंदी आली ती बंद दुकानाला कुलूप लावायला.

जर्मनीनं मात्र शहाणपणा केला. कोलोन–फ्रँकफर्ट वेगवान मार्ग २००२ मध्ये झाला, तो फ्रँकफर्ट विमानतळाच्या पोटातूनच जातो. लुफ्थान्सानं गाडीतल्या जागा विमानाच्या तिकिटात धरल्या आणि काही वर्षांनी कोलोनचं विमान बंद केलं. गाडी विमानाची शत्रू झाली नाही, तिला खाद्य पुरवणारी झाली. पण फ्रँकफर्टला मोकळ्या झालेल्या त्या धावपट्टीच्या वेळेचं काय झालं असेल? गर्दीच्या विमानतळावर कुणी ती रिकामी ठेवतं का? तिथं लांब पल्ल्याचं विमान येतं. विमानतळाचा फायदा, प्रवाशांचाही फायदा, नाही म्हणत नाही. पण 'कार्बन वाचला' असं लिहिताना हे दुसरं विमान त्याच ओळीत लिहायला हवं.

आणि आता ज्या प्रवाशाबद्दल कुणीच बोलत नाही तो. फळ्यावरचे ते पहिले चाळीस, जे आधीही गाडीनंच जात होते. त्यांचं काय झालं, याचं उत्तर प्रत्येक देशात वेगळं आहे, आणि माझ्या मते गाडीची खरी परीक्षा तिथं आहे. चीनमध्ये वुहान–ग्वांगझू मार्ग डिसेंबर २००९ मध्ये सुरू झाला, नेहमीच्या काही गाड्या बंद झाल्या आणि स्वस्त तिकिटावर गावी जाणाऱ्या मजुरांची पंचाईत झाली. तिथल्या लोकांनी त्यावर एक शब्दच तयार केला: 'बेई गाओथिए'. मराठीत करायचं तर 'आम्हाला हायस्पीड करण्यात आलं'. कर्मणी प्रयोग बघा, कर्ता गायब. (हशा) मागणीच्या आकड्यात हा मजूर 'वेगवान रेल्वेचा नवा प्रवासी' म्हणून मोजला जातो. त्यानं निवड केली असं आपण धरतो. खरं तर त्याच्यासमोर दुसरी गाडीच राहिली नव्हती.

जपानमध्ये नागानोची शिंकान्सेन १९९७ मध्ये सुरू झाली त्याच दिवशी जुन्या रेल्वेचा उसुई घाटातला योकोकावा ते कारुइझावा हा तुकडा कायमचा बंद झाला. १८९३ पासून गाड्या तो घाट चढत होत्या. आता तिथं बस जाते. पुढचा जुना मार्ग स्थानिक कंपनीच्या गळ्यात पडला. जपानसारख्या देशातही गावागावाला थांबणाऱ्या गाडीचं ओझं कुणीतरी दुसऱ्यानं उचलायचं, असा करार आहे. तो निदान उघडपणे झाला, हे महत्त्वाचं.

आता आपल्या दारात येऊ. मुंबई–अहमदाबाद, ५०८ किलोमीटर, बारा स्थानकं, सप्टेंबर २०१७ मध्ये पायाभरणी, मूळ अंदाज सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपये, त्यातला मोठा भाग जपानचं कर्ज. मोजकेच थांबे घेणारी गाडी दोन तास सात मिनिटांत, सगळीकडे थांबणारी तीन तासांच्या आत. जपानच्या भिंतीच्या बरीच अलीकडे. मग विमानं रिकामी होणार?

होतील थोडी. पण युरोपचा आलेख इथं जसाच्या तसा लागू होत नाही, कारण साधं भूगोलाचं आहे. माद्रिदमध्ये स्टेशन शहराच्या पोटात आणि विमानतळ लांब. आपल्याकडे? मुंबईचं विमानतळ अंधेरी, पार्ले आणि कुर्ल्याच्या मधोमध, आणि बुलेट ट्रेनचं स्थानक बीकेसीत, म्हणजे विमानतळापासून काही किलोमीटरवर. मेट्रो तीन दोन्हीकडे जाते. दादरचा माणूस विमानतळावर जायला जेवढा वैतागतो, साधारण तेवढाच बीकेसीला जायला वैतागेल. मी घरापासून घरापर्यंत ढोबळ हिशेब केला. विमानानं सव्वाचार तास, बुलेट ट्रेननं पावणेचार. फरक अर्ध्या तासाचा. तो फरक भाडं खाऊन टाकू शकतं, आणि भाडं कमी असेल तर तोच फरक निर्णायकही ठरेल. आणि विमानं कमी झालीच, तर मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या, दोन असून एकीसारख्या वापरायच्या. तिथं मोकळी झालेली एक वेळ कुणी मोकळी ठेवेल असं मला वाटत नाही.

या मार्गाचं खरं पीक अहमदाबादच्या विमानात नाहीच. ते मधल्या जोड्यांत आहे. मुंबई–सुरत, मुंबई–बडोदा, वापी–सुरत. सुरतच्या हिऱ्यांचं उदाहरण घ्या. घडवायचं काम सुरतला आणि बाजार बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्समध्ये, अगदी स्थानकाच्या अंगणात. २०२३ मध्ये सुरतला स्वतःचा बोर्स झाला, तरी ये-जा आहेच. हा व्यापारी आज कशानं येतो? गाडीनं. त्याचे आंगडिये रात्रीच्या गाडीनं माल घेऊन येतात. विमानाशी त्याचा संबंध नाही. उद्या तो तासाभरात बीकेसीत आला, तर तो फळ्यावरच्या पहिल्या चाळीसातला आहे, आणि महिन्यातून चारऐवजी आठदा यायला लागला तर त्या सदतीसांतलाही. प्रकल्पाचा फायदा तिथं आहे, आणि तो खरा फायदा आहे! मग तो तसाच सांगा ना. विमानाचं नाव कशाला घ्यायचं?

कारण विमानाचं नाव घेतलं की फ्लाइंग राणीचं नाव घ्यावं लागत नाही. सुरतहून पहाटे निघणारी, पासधारकांची, वर्षानुवर्षं दुमजली डब्यांची ती गाडी. शताब्दी आहे, गुजरात एक्स्प्रेस आहे, कर्णावती आहे, २०२२ पासून वंदे भारत आहे. यातले वातानुकूलित डब्यांचे प्रवासी बुलेट ट्रेनकडे गेले, की उरलेल्या गाडीचा जमाखर्च बिघडतो. मग दोन रस्ते उरतात. एक म्हणजे 'प्रतिसाद कमी' असं म्हणून ती गाडी काढून टाकायची, तिचे साधे डबे वाऱ्यावर. दुसरा म्हणजे मोकळ्या झालेल्या मार्गावर विरार–डहाणू लोकल वाढवायच्या, पालघर-बोईसरच्या माणसाला, ज्याची लोकल लांब पल्ल्याच्या गाड्यांना वाट देत साइडिंगला पडते, त्याला जागा द्यायची. तेच रूळ, तीच मोकळी झालेली वेळ, निर्णय मात्र नेमके उलटे. आणि हा निर्णय मागणीच्या कुठल्याही आलेखात नाही. तो वेळापत्रकात होईल, बहुधा एखाद्या जुलैत, चार ओळींच्या परिपत्रकानं.

मी एवढंच म्हणतो, की प्रकल्पाच्या मागणीचा अंदाज मांडताना चार रकाने करा. विमानातून किती, रस्त्यावरून किती, जुन्या गाडीतून किती, आणि नवा प्रवास किती. आणि तिसऱ्या रकान्यासमोर लिहा, त्या जुन्या गाडीचं काय करणार आहात.

वेळ झालाय, अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, तुम्ही नवा प्रवास म्हणजे जणू फुकटचा प्रवास असं बोलताय. लोक जास्त भेटले, जास्त धंदा झाला, तर ते वाईट आहे का?

नाही, ताई, वाईट मुळीच नाही. तुमचा प्रश्न बरोबर आहे, माझ्या बोलण्यात तो सूर आला असेल. लासलगावच्या कांदेवाल्याला लवकर नाशिकला पोचता आलं तर ते चांगलंच. नवा प्रवास हा या गाड्यांचा सगळ्यात मोठा फायदा असू शकतो. पण तो पर्यावरणाच्या खात्यात जमा करता येत नाही, उलट तिथं तो थोडा खर्चच आहे. तो वेळ आणि धंद्याच्या खात्यात जमा होतो. एकाच रुपयाची पावती दोन खात्यांत फाडू नका, एवढाच मुद्दा.

प्रश्न: मग मुंबई–पुणे–नागपूर वेगवान गाडी आली तर?

पुणे–मुंबईत विमान नाहीच म्हणावं असं, त्यामुळे आलेखवाल्यांना तिथं दाखवायला काही नाही. (हशा) तिथं समोर आहे तो द्रुतगती मार्ग आणि डेक्कन क्वीन. म्हणजे रस्त्याचा रकाना आणि जुन्या गाडीचा रकाना. नागपूरला मात्र विमानं भरपूर आहेत, आणि अंतर सातशे-आठशे किलोमीटर. थांबे किती घ्यायचे यावर तिथं सगळं ठरेल. संभाजीनगर, जालना, वर्धा सगळ्यांनाच थांबा हवा असणार, आमदार तेवढे आहेतच. प्रत्येक थांब्याला चार-पाच मिनिटं जातात. तीन तासांची गाडी साडेतीन-पावणेचारची झाली, की तुम्ही पुन्हा त्या जपानी भिंतीजवळ. पण जालन्याच्या माणसाला विचारलंत तर तो म्हणेल, नागपूरचं विमान गेलं खड्ड्यात, माझी गाडी थांबली ना? त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.